तिला टोचलं, बोट आपण का आवळलं?

जुन्या लाकडी कठड्यावरून तिची बोटं घसरत खाली आली. मधल्या बोटाच्या नखाखाली काहीतरी टोचलं. तिने हात झटकन मागे घेतला, पण कपची सोबत आली नाही. ती मधूनच मोडली आणि उरलेला तुकडा नखाखाली आणखी आत सरकला. नखातून तो दिसत होता, एक करडी, उभी रेघ. दुसऱ्या हाताच्या नखांनी तिने त्याचं टोक चिमटीत धरायचा प्रयत्न केला. टोक मऊ पडलं होतं. ते आतच चुरगळलं.

हे वाचताना तुमचं एखादं बोट आपोआप मुठीत गेलं असेल, खांदे किंचित वर आले असतील किंवा दातांच्या फटीतून हवा आत ओढली गेली असेल. तसं काहीच झालं नसेल तरी बिघडत नाही, तुमच्यासारख्यांचाही विषय पुढे येणार आहे. आता हेच असं वाचा: ‘नखाखाली लाकडाची कपची घुसल्यामुळे तिला असह्य वेदना झाल्या.’ माहिती तीच आहे. उलट या वाक्यात ‘वेदना’ हा शब्द आहे, त्यावर ‘असह्य’ हे विशेषणही चढवलं आहे. आधीच्या उताऱ्यात वेदनेचं नावसुद्धा नाही. तरी अंग आक्रसलं ते तेव्हाच.

मुलगी अस्तित्वात नाही, कठडा नाही, कपचीही नाही. पडद्यावर काही अक्षरं आहेत आणि त्यांच्याकडे बघणारे तुम्ही आहात. मग तुमच्या बोटाने या भानगडीत का पडावं?

वाचताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात

शब्दांचा अर्थ मेंदूच्या भाषेसाठी राखून ठेवलेल्या भागांत, अमूर्त रूपात साठवलेला असतो, असं बराच काळ मानलं जायचं. हातपाय हलवणारे, वास ओळखणारे, स्पर्श जाणणारे भाग वेगळे. वाचनाशी त्यांचा काही संबंध नाही. स्कॅनरमध्ये माणसांना निजवून वाचायला लावता येऊ लागलं, तसं हे चित्र बदललं.

2004 साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, पडलेल्या लोकांना त्यांनी क्रियापदं दाखवली. काही तोंडाची होती, चाटण्यासारखी. काही हाताची, उचलण्यासारखी. काही पायाची, लाथ मारण्यासारखी. लोकांनी फक्त मनात वाचायचं, हलायचं नाही. हा प्रयोग समजायला एक जुनी गोष्ट माहीत हवी. मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1930च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाचा स्पर्श करून शरीराचा नकाशा तयार केला होता. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यात पायाची जागा वर, मधल्या रेषेजवळ आहे. हाताची त्याच्या खाली, बाजूला. चेहरा आणि जीभ त्याहून खाली. केंब्रिजच्या प्रयोगात पायाची क्रियापदं वाचताना पायाच्या जागेजवळ, हाताची वाचताना हाताच्या जागेजवळ, तोंडाची वाचताना त्याहून खाली मेंदूतली हालचाल वाढली. नुसता शब्द वाचून.

दोनच वर्षांनी स्पेनमध्ये वासाशी जोडलेल्या शब्दांवर असाच प्रयोग झाला. दालचिनीसारखा शब्द वाचला की मेंदूतला गंध ओळखणारा भाग जागा व्हायचा, गंध नसलेल्या वस्तूंची नावं वाचताना तसं व्हायचं नाही. 2010मध्ये जर्मनीतल्या येना इथे वेदनेशी निगडित शब्द वाचायला दिले गेले, तेव्हा वेदना हाताळणाऱ्या जाळ्यातले काही भाग सक्रिय झालेले दिसले. तोलून बघायला तितकेच अप्रिय, पण वेदनेशी संबंध नसलेले शब्दही दिले होते. त्यांनी तो परिणाम साधला नाही. म्हणजे शब्द ‘वाईट’ असून भागत नाही, तो दुखणारा असावा लागतो.

सुटे शब्द हे झालेच, पण आपण वाचतो ते सलग काहीतरी. मला या सगळ्यांत सर्वांत आवडणारा प्रयोग 2009चा आहे, अमेरिकेतल्या सेंट लुइसचा. वाचकांना दिलेला मजकूर अजिबात थरारक नव्हता. एका लहान मुलाच्या साध्यासुध्या दिवसाचं, त्याच्या मागे मागे फिरून टिपलेलं वर्णन होतं. मुलाने एखादी वस्तू हातात घेतली, की वाचणाऱ्याच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी संबंधित भागात फरक पडायचा. मुलगा एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, की जागांची ओळख ठेवणारे भाग हलायचे. वाचक दर वाक्यागणिक मनात एक प्रसंग उभा करत होता आणि वाक्य पुढे सरकलं, की त्यातलं जेवढं बदललं तेवढंच बदलत होता.

म्हणजे ‘ती कठड्यावरून हात फिरवते’ हे समजून घेताना मेंदू हात फिरवण्याचा आपला जुना अनुभव थोडासा उसना घेतो. कपचीच्या वेळी वेदनेचाही घेतो.

थोडं सावरून

या संशोधनातून एक चटकदार वाक्य जन्माला आलं आणि ते सगळीकडे फिरतं: ‘वाचणं आणि प्रत्यक्ष करणं यांतला फरक मेंदूला कळत नाही.’ हे साफ चूक आहे. कळला नसता, तर वादळाचं वर्णन वाचताना आपण खिडक्या लावायला धावलो असतो. वाचताना जे भाग सक्रिय होतात ते प्रत्यक्ष अनुभवाच्या भागांशी काही अंशी जुळतात, पुष्कळदा शेजारी असतात आणि त्यांचा जोर कमी असतो. जुळणं म्हणजे तेच असणं नव्हे.

शिवाय या क्षेत्रातले सगळेच निष्कर्ष टिकलेले नाहीत. 2002 सालचा एक गाजलेला प्रयोग होता. त्यात हाताची हालचाल वाक्यातल्या हालचालीच्या दिशेने असली, तर वाक्य चटकन समजतं असं दिसलं होतं. खण बंद करण्याबद्दल वाचलं, तर पुढे जाणारा हात लवकर हलतो. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत तो दाखला दिला गेला. मग अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन, पद्धत आधी जाहीर करून, तो पुन्हा केला. 2022मध्ये निकाल आला: परिणाम दिसत नाही.

नव्याने वाचणाऱ्याला यामुळे गोंधळायला होतं, पण गाळायचं काय आणि ठेवायचं काय हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. वाचताना शरीराशी जोडलेले भाग सामील होतात, याला पुरावा भरपूर आहे. त्यांच्यावाचून वाक्य समजणारच नाही, हा दावा मात्र टिकत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसालाही ‘तो धावत सुटला’ हे वाक्य कळतं.

मग बोट आवळलं जातं, पण हात झटकला का जात नाही? गाडी न्यूट्रलमध्ये असताना इंजिन चालू राहतं आणि चाकं फिरत नाहीत, तसं काहीसं हे आहे. हालचालीचा आराखडा तयार होतो, पण स्नायूंपर्यंत आज्ञा पोचण्याआधी दाबली जाते. अर्थात पूर्णपणे दाबली जात नाही. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी 1930च्या सुमाराला लोकांना हात वाकवल्याची फक्त कल्पना करायला सांगितली आणि दंडाच्या स्नायूतला विद्युतप्रवाह मोजला. हात जागचा हलला नव्हता, पण स्नायूत बारीक हालचालीची नोंद होत होती. चेहऱ्याच्या स्नायूंचं तर विचारूच नका. 2010मध्ये बोटॉक्सने भुवयांमधला आठी पाडणारा स्नायू तात्पुरता लुळा पाडलेल्या लोकांना वाक्यं वाचायला दिली. रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला त्यांना आधीपेक्षा किंचित जास्त वेळ लागला. आनंदाच्या वाक्यांना नाही. आठी पाडता येत नाही म्हणून दुःखाचं वाक्य सावकाश कळतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

जे आपल्या हातात नाही

स्नायू निदान आपलं ऐकतात. शरीराचा मोठा भाग मात्र स्वायत्त चेतासंस्थेच्या ताब्यात आहे: हृदयाचे ठोके, घामाच्या ग्रंथी, आतडी, डोळ्याची बाहुली. इथे ठरवून काही करता येत नाही, म्हणून इथला पुरावा मला जास्त विश्वासार्ह वाटतो. वाचक शहाणपणा करून ‘हो, मला जाणवलं’ म्हणू शकतो, त्याची बाहुली म्हणू शकत नाही.

फ्रान्समध्ये 2017 साली नेमकं हेच तपासलं गेलं. पडद्यावर सूर्य, दिवा अशा उजेडाच्या अर्थाचे शब्द आले तेव्हा वाचणाऱ्यांच्या बाहुल्या, रात्रीसारख्या अंधाराच्या अर्थाच्या शब्दांच्या तुलनेत, लहान राहिल्या. पडद्याचा उजेड तोच, अक्षरंही तशीच. डोळ्याने शब्दातल्या उन्हाची तयारी केली होती. फरक अगदी थोडा होता, साध्या नजरेला कळणार नाही इतका. पण तो ढोंग करून आणता येत नाही.

तळहाताचा घाम हे दुसरं मोजमाप. मनावर ताण आला की तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी काही क्षणांत कामाला लागतात आणि त्वचेतून वीज वाहण्याची क्षमता वाढते. भीतीदायक मजकूर वाचताना ती वाढते, हे अनेकदा मोजलं गेलं आहे. पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं हेही याच यंत्रणेचं काम: धोक्याच्या तयारीत पचनाकडचा रक्तपुरवठा कमी होतो, लाळ आटते. खाज याबाबत सर्वांत निर्लज्ज. जर्मनीत एकदा खाजेवर व्याख्यान ठेवून श्रोत्यांचं चित्रीकरण केलं. पिसवा आणि त्वचारोग यांच्या भागात लोक जास्त खाजवत होते, नितळ त्वचेच्या भागात कमी. शृंगारिक लेखनाचं वेगळं सांगायला नको. ते याच रस्त्याने जातं आणि त्या रस्त्याचा सर्वांत जुना प्रवासी बहुधा तेच असेल.

अंगावर काटा येण्याकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो. अनुकंपी चेतातंतू, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेची शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी शाखा, त्याला आकसायला लावतात, केस उभा राहतो. थंडीत हेच घडतं, भीतीनेही हेच. अंगभर दाट केस असलेल्या प्राण्याला त्याचा उपयोग असतो: ऊब टिकते, आकार मोठा दिसतो. आपल्याकडे तसे दाट केस उरले नाहीत, प्रतिक्षिप्त क्रिया तेवढी उरली. ती कवितेच्या ओळीने का सुरू व्हावी? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 सालीच लिहून ठेवलं आहे, की काव्य, नाटक किंवा वीरकथा ऐकताना अंगावरून अचानक लाटेसारखा शहारा जातो, ऊर भरून येतो, डोळे पाणावतात आणि आपलं आपल्यालाच नवल वाटतं. त्याच्याही कितीतरी शतकं आधी भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांची यादी आहे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यादी नटाच्या अभिनयासंदर्भात आहे, पण ती आजच्या प्रयोगशाळेत टांगली तरी चालेल. घाम, काटा, आवाजातला फरक, कंप, रंग उडणं, डोळ्यांतलं पाणी. जवळजवळ सगळी खाती स्वायत्त चेतासंस्थेची आहेत. आणि भाव मनात खरोखर उतरल्याशिवाय ती लक्षणं नटाला आणता येत नाहीत, हेही तिथे ओळखलेलं होतं.

फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2017मध्ये लोकांना कविता ऐकवल्या आणि काटा टिपण्यासाठी त्वचेवर एक खास कॅमेरा बसवला. काही जणांच्या बाबतीत तो खरोखर दिसला. शहारे कुठे येतात हे त्यांनी पाहिलं, तर ते ओळीच्या, कडव्याच्या आणि संपूर्ण कवितेच्या शेवटाकडे गोळा झालेले होते. शहाऱ्याच्या काही सेकंद आधीच शरीरात आणि मेंदूत त्याची चाहूल लागत होती. श्रोत्याला काहीतरी येतंय हे कळत असतं, तो वाट बघत असतो आणि वाट बघणं हा शहाऱ्याचाच भाग असतो. रहस्यकथेत दाराची कडी सावकाश फिरते तेव्हा श्वास रोखला जातो, तो दार उघडण्याच्या आधी.

पण खोटं आहे हे ठाऊक असतं की

तत्त्वज्ञांना हा प्रश्न फार छळतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी 1975मध्ये तो नेमका मांडला. जी व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, तिच्यासाठी आपण रडतो कसे? हे विसंगत आहे, असं त्यांचं म्हणणं. केंडल वॉल्टन यांनी तीनच वर्षांनी उत्तर दिलं, की ती खरी भीती नव्हेच. खेळात सामील झालेल्या माणसाची ती भीतीसदृश अवस्था आहे. त्याच्याही आधी, 1817 साली, इंग्रज कवी कोलरिज यांनी म्हटलं होतं, की वाचक काही काळ आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो.

मला यातलं कुठलंच उत्तर पूर्ण पटत नाही. प्रश्नातच एक गृहीत लपलं आहे, की शरीर आधी ‘हे खरं आहे का?’ असं विचारतं आणि होकार मिळाल्यावरच हलतं. शरीर असं विचारत नाही. दहा वर्षांपूर्वीचा अपमान आठवला तरी कान तापतात. तो आत्ता घडत नसतो. उद्याच्या मुलाखतीच्या विचाराने आज हात गार पडतात. ती अजून घडलेली नसते. समोर नसलेली गोष्ट मनात उभी करून शरीराला तिची चव द्यायची, हे मेंदूचं रोजचं काम आहे. त्यावर आपलं नियोजन चालतं. जे पाऊल टाकायचं आहे त्याने पोटात कसं होईल हे आधी कळलं नाही, तर निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा?

आठवणं आणि कल्पना करणं ही मेंदूत सख्खी भावंडं आहेत, याला पुरावाही आहे. हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांच्या आठवणी जातात, हे जुनंच. 2007मध्ये लंडनमध्ये अशा रुग्णांना नवे, काल्पनिक प्रसंग रंगवायला सांगितले: समजा, तुम्ही एका सुंदर किनाऱ्यावर पहुडला आहात, काय काय दिसतंय? त्यांची वर्णनं तुकड्या-तुकड्यांची निघाली. सलग जागा काही उभी राहीना. भूतकाळ हरवला, तसा कल्पनेतला किनाराही हरवला. (या अभ्यासाचे प्रमुख लेखक डेमिस हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि 2024मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा शोधनिबंध त्यामानाने कमी लोकांना माहीत असतो.)

कथा याच यंत्रणेवर स्वार होते. अविश्वास बाजूला ठेवावा लागतच नाही. तो जागच्या जागी असतो, म्हणून आपण पुस्तक टाकून पळत नाही. पण शरीराला हुकूम देण्याआधी त्याची सही घ्यायची पद्धत नाही.

लेखक नेमकं काय करतो

पुन्हा त्या कपचीकडे. उताऱ्यात काम कुठे झालं? माझ्या मते तीन जागी. ‘आणखी आत सरकला’ इथे, कारण हात मागे घेतल्यावर सुटका होईल अशी अपेक्षा होती आणि उलटंच घडलं. ‘करडी, उभी रेघ’ इथे, कारण नखातून आरपार दिसणारी वस्तू आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेली आहे. आणि ‘टोक मऊ पडलं होतं’ इथे, कारण आता ते निघणार नाही हे वाक्याने न सांगता आपल्याला कळतं. ‘करडी’ काढून ‘भयानक’ घालून बघा. सगळं बसतं खाली.

‘भयानक’ हा निकाल आहे. निकाल वाचून शरीर काही करत नाही, त्याला पुरावे लागतात. ‘असह्य वेदना’ हाही निकालच. शरीराला कळतं ते टोचणं, सरकणं, खरखरीत, ओलसर, गार. जागा, दिशा आणि क्रम. लेखकाने बोट निवडलं हेही उगाच नव्हे. पेनफिल्डच्याच नकाशात स्पर्शाच्या पट्ट्यामध्ये बोटं आणि ओठ यांना त्यांच्या आकारमानाच्या मानाने प्रचंड जागा मिळाली आहे, पाठीला अगदी थोडी. हीच कपची पाठीत घुसवली असती तर वाचक एवढा कळवळला नसता, असा माझा अंदाज आहे.

पात्राच्या शरीरात काय घडतंय ते सांगण्याने फरक पडतो का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लँग यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून हे मोजलं. भीतीचे प्रसंग दोन पद्धतींनी लिहिले. एकात फक्त बाहेरचं वर्णन, दुसऱ्यात त्यासोबत आवळलेले स्नायू, धडधडणारं हृदय, पळू पाहणारे पाय. दुसऱ्या प्रकाराने कल्पना करणाऱ्यांच्या हृदयगतीत आणि स्नायूंच्या ताणात जास्त वाढ झाली. पण एक अट होती: शरीराच्या प्रतिसादाकडे लक्ष द्यायला त्यांना आधी शिकवलेलं होतं. नुसती वाक्यं घालून विशेष काही साधत नव्हतं. म्हणून पानोपानी ‘त्याचं काळीज धडधडू लागलं’ असं लिहिणाऱ्याला वाचकाचं काळीज काही सापडत नाही.

घासून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगांचं असं का होतं, याचाही मागोवा घेतला गेला आहे. ‘चेंडू पकडला’ वाचताना हाताच्या हालचालींशी जोडलेले भाग सामील होतात. ‘मुद्दा पकडला’ यासारख्या रूपकातही ते सामील होऊ शकतात, पण रूपक जितकं ओळखीचं तितका त्यांचा सहभाग कमी, असं 2011च्या एका अभ्यासात दिसलं. नव्या उपमेत हात अजून जिवंत असतो. जुनी झाली की फक्त अर्थ पोचतो, हात पोचत नाही.

आणि आवाज. मनात वाचताना आपण पुष्कळदा आतल्या आत बोलत असतो. ग्लासगोच्या संशोधकांनी 2011मध्ये दाखवलं, की ‘ती म्हणाली, “मला सोड”’ अशी थेट वाक्यं मूकपणे वाचताना मेंदूतला माणसांचे आवाज ओळखणारा भाग जास्त सक्रिय होतो. ‘तिने आपल्याला सोडायला सांगितलं’ अशा वाक्यांत कमी. संवादांनी पान जिवंत होतं असं संपादक सांगत आले आहेत, ते खरंच आहे. आतल्या बोलण्याला श्वासाची लयही असते. पळापळीच्या प्रसंगात वाक्यं तोकडी होतात. तिथे स्वल्पविरामांनी जोडलेलं लांबलचक वाक्य घातलं तर पात्र धावत राहतं आणि वाचक चालायला लागतो.

सगळ्यांचं सारखं नसतं

काही लोकांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. डोळे मिटून मनात सफरचंद आणा म्हटलं, तर सफरचंद काय असतं हे त्यांना पूर्ण माहीत असतं, दिसत मात्र काही नाही. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांनी 2015मध्ये या अवस्थेला अफँटेशिया हे नाव दिलं. हा आजार नव्हे. पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांनाही अफँटेशिया आहे आणि त्यांनी आयुष्यभर चित्रांच्या धंद्यातच काम केलं.

2021मध्ये सिडनीत अशा लोकांना आणि इतरांना अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावर भीतिदायक प्रसंग वाचायला दिले, समुद्रात पोहत असताना घडणारे वगैरे. सोबत त्वचेतून वीज वाहण्याच्या क्षमतेची नोंद चालू. इतरांची रेषा मजकूर पुढे सरकेल तशी चढत गेली. अफँटेशिया असलेल्यांची जवळपास सपाट राहिली. मग दोन्ही गटांना भीतिदायक छायाचित्रं दाखवली, तर दोघांच्याही रेषा चढल्या. म्हणजे भीती वाटण्याची क्षमता शाबूत होती. शब्दांपासून भीतीपर्यंत जाणारा पूल मनातल्या चित्राचा होता आणि तोच त्यांच्याकडे नव्हता. असे वाचकही कादंबऱ्या आवडीने वाचतात. गुंतागुंत, संवाद, विचार, कोण कोणाशी का वागलं यात त्यांना रस असतो. कपचीच्या उताऱ्याने तुमचं बोट हललं नसेल, तर तुम्ही कदाचित त्यांतले असाल, किंवा आज नुसतेच दमलेले असाल.

दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत ज्यांना रक्ताचं किंवा शस्त्रक्रियेचं वर्णन वाचून खरोखर भोवळ येते. भीतीच्या इतर प्रकारांत रक्तदाब चढतो. इथे मात्र आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस पांढराफटक होऊन कलंडतो. मनाच्या दुबळेपणाशी याचा संबंध नाही. व्हेगस नावाच्या मज्जातंतूची ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि तिचा कल पुष्कळदा घराण्यात चालत येतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात त्यावर एक सोपा उपाय तपासून पाहिला. डोकं हलकं वाटू लागताच हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. त्याने रक्तदाब वर येतो. अशा लोकांनी तसले उतारे उभ्याने वाचू नयेत. आणि पुस्तकाशिवायही वरचेवर शुद्ध हरपत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.